महाजालावरील खासगीपणा : ‘व्हीपीएन’ची निवड व मर्यादा

महाजालावरील आपले व्यवहार इतरांस कळू नयेत म्हणून ‘व्हीपीएन’ घ्यावे, असा सल्ला अलीकडे सर्रास दिला जातो. तो मानण्यापूर्वी या साधनाचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

व्हीपीएन म्हणजे आभासी खासगी जाळे. एरवी आपण कोणती संकेतस्थळे उघडतो, हे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस कळू शकते. व्हीपीएन सुरू असता सर्व मजकूर सांकेतिक रूपात प्रथम व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरकडे व तेथून पुढे जातो. इंटरनेट कंपनीस एवढा एकच सर्व्हर दिसतो. मात्र तिला पूर्वी जे दिसत असे, ते आता व्हीपीएन कंपनीस दिसू लागते.

म्हणूनच ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ ही जाहिरात पारखून घ्यावी लागते. अमेरिकेतील एका छळ प्रकरणात २०१७ साली अटक झाली, तेव्हा तपासास असाच दावा करणाऱ्या प्युअरव्हीपीएनच्या नोंदींचे साहाय्य झाले होते. याउलट एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस मुलवाड कंपनीच्या कार्यालयात झडतीस गेले असता, कंपनीच्या निवेदनानुसार, ग्राहकांची माहिती तेथे नसल्याने ते रिकाम्या हाताने परतले. कंपनीची मालकी कोणाची, त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासणी झाली आहे काय, हे पाहावे. फुकट सेवेचा खर्च कोण सोसतो, हाही प्रश्न विचारावा.

व्हीपीएन असूनही ईमेल वा समाजमाध्यमाच्या खात्यात प्रवेश करताच ती कंपनी आपणांस ओळखतेच. परवानगी दिलेल्या ॲपला मोबाइलचे ठिकाणही जीपीएसवरून कळते. आणि भामट्यास फोनवर ओटीपी सांगितल्यावर तर कोणतेच जाळे उपयोगी पडत नाही!

भारतात ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांन्वये व्हीपीएन सेवादात्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक व सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद किमान पाच वर्षे ठेवावयाची आहे. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे बंधन नाही. या निर्देशांनंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातील सर्व्हर हलविले. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा बाहेरील सेवा वापरण्यास मनाई केली. तेव्हा कार्यालयीन संगणकावर व्हीपीएन बसविण्यापूर्वी आपल्या विभागाच्या माहिती तंत्रज्ञान कक्षाची अनुमती घ्यावी.