पंफुल्या : समुद्र व डोंगर यांमधील प्रांत

प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाचा पाठ घेतांना तेराव्या अध्यायाच्या १३व्या वचनावर आपण फारसे थांबत नाहीं. पौल व त्याचे सोबती कुप्र बेटांतील पफे येथून तारवांत बसून पंफुल्यांतील पिर्गा येथें उतरले, आणि तेथून योहान मार्क त्यांस सोडून यरुशलेमेस परत गेला, इतकेंच लूक सांगतो. पुढल्याच वचनांत उरलेले प्रवासी पिसिदियाच्या अंत्युखियांत पोहोंचलेले दिसतात. परंतु या एका परत जाण्यावरून पुढें पौल व बर्णबा यांच्यामध्यें असा तीव्र वाद झाला कीं, ते एकमेकांपासून वेगळे झाले (१५:३७-४०). मंडळींत हा पाठ निघाला म्हणजे मार्काला भित्रा ठरवून आपण मोकळे होतों. तसा निकाल देण्यापूर्वीं तो देश कसा होता हें पाहिलें पाहिजे. पौलाच्या प्रवासांचा नकाशा जवळ असल्यास वाचकांनीं तो पुढें घ्यावा.

आशिया मायनर, म्हणजे हल्लींचा तुर्कस्तान देश, त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्र एके ठिकाणीं कमानीसारखा आंत शिरला आहे. त्या कमानीच्या कांठची सपाट भूमि म्हणजे पंफुल्या. तिची लांबी सुमारें ७५ मैल, आणि रुंदी जेथें अधिक तेथें ३० मैलांच्या आसपास. पश्चिमेस लुक्या, पूर्वेस किलिकिया, आणि उत्तरेस तौरस पर्वताची उंच भिंत. त्या भिंतीपलीकडे पिसिदिया. पर्वतांतून केस्त्र, युरिमेदोन इत्यादि नद्या उतरून या मैदानांतून समुद्रास मिळतात. पिर्गा हें शहर समुद्रावर नव्हे, तर कांहीं मैल आंत, केस्त्र नदीजवळ आहे. स्त्राबो नामक प्राचीन भूगोलकार सांगतो कीं, नदीच्या मुखांतून ६० स्तादिया, म्हणजे सुमारें सात मैल, वर गेलें असतां पिर्गा लागतें.

नद्यांच्या गाळानें जमीन सुपीक झाली खरी, पण त्याच पाण्यानें दलदलीही झाल्या. मागें डोंगर असल्यामुळें उन्हाळ्यांत मैदान तापतें. या किनाऱ्यावर हिंवतापाचा उपद्रव विसाव्या शतकापर्यंत होता, आणि उन्हाळा लागला म्हणजे पुष्कळ कुटुंबें गुरेंढोरें घेऊन डोंगरावरील थंड कुरणांत जात.

पंफुल्या या ग्रीक नांवाचा अर्थ ‘सर्व जातींचा देश’ असा होतो. त्रोय शहराच्या युद्धानंतर निरनिराळ्या टोळ्यांचे लोक येथें येऊन राहिले, अशी ग्रीकांची दंतकथा होती. पेंटेकॉस्टच्या दिवशीं यरुशलेमेंत जमलेल्या लोकांतही पंफुल्याचे रहिवासी होते (२:१०). पिर्गा येथें अर्तमी देवीचें प्रसिद्ध मंदिर होतें. वेरेस नांवाच्या एका रोमी अंमलदारानें तें लुटल्याचा आरोप किकेरो या वकिलानें ख्रिस्तपूर्व ७० मध्यें त्याच्यावर ठेविला. भूमितीचा मोठा पंडित अपल्लोनियस हाही याच शहराचा. हल्लीं जे प्रवासी पिर्गाचे मोठे दरवाजे व जवळच्या आस्पेंदस शहरांतील भव्य नाटकगृह पाहून येतात, त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : तें नाटकगृह दुसऱ्या शतकांतलें आहे, पौलाच्या दृष्टीस तें पडलें नाहीं.

रोमी लोक या किनाऱ्यावर आले ते विशेषेंकरून चांच्यांमुळें. लुक्या, पंफुल्या व किलिकिया यांच्या खाड्यांतून चांचे निघत, तारवें लुटीत, आणि धरलेलीं माणसें सीदे या पंफुल्यांतील बंदरांत लिलावानें विकीत. तीं माणसें जन्मानें स्वतंत्र आहेत हें ते स्वतःच कबूल करीत, असें स्त्राबो लिहितो. असले बाजार चालत, कारण दास विकत घेणारे धनवान् होते, आणि त्यांत रोमी लोकही पुष्कळ होते. ख्रिस्तपूर्व १०२ मध्यें रोमानें चांच्यांवर पहिली स्वारी केली, आणि ख्रिस्तपूर्व ६७ मध्यें पाँपे या सेनापतीनें तीन महिन्यांच्या आंत समुद्र मोकळा केला.

समुद्र शांत झाला, पण डोंगर शांत झाले नाहींत. अमुंतास नांवाचा राजा रोमाच्या वतीनें हा मुलूख सांभाळीत असे. ख्रिस्तपूर्व २५ मध्यें तौरसांतील एका रानटी टोळीनें त्यास ठार मारिलें. त्या टोळीस पुढें कुरेन्यानें उपासमार करून वठणीवर आणिलें, आणि तिचे ४,००० पुरुष धरून शेजारच्या शहरांतून वसविले. लूकाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत ज्याचें नांव आहे तोच हा कुरेन्य. औगुस्त कैसरानें ख्रिस्तपूर्व ६ मध्यें या भागांत एक पक्की सडकही बांधविली. तिच्या मैलांच्या दगडांवर कैसराचें नांव अद्याप वाचतां येतें. इ. स. ४३ मध्यें क्लौद्य कैसरानें लुक्याचें स्वातंत्र्य काढून घेतलें, व पुढें लुक्या आणि पंफुल्या हा एकच जोडप्रांत झाला.

आतां मार्काकडे वळूं. त्याच्यापुढें तापाचें मैदान होतें, आणि मैदानापलीकडे शंभर मैलांहून अधिक घाटवाट. अंत्युखिया समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून उंच आहे. सडक झाली तरी डोंगरांतील वाटमारी एकदम थांबली असेल असें नाहीं. नद्यांचीं व लुटारूंचीं संकटें पौल स्वतः करिंथकरांस लिहितांना मोजतो. विल्यम रॅम्से या विद्वानानें १८९५ मध्यें असें मत मांडिलें कीं, पौलास पिर्गा येथें हिंवताप जडला, म्हणून तो थंड हवेच्या उंच प्रदेशांत गेला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत (४:१३) ज्या आजाराचा उल्लेख आहे तो हाच. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पाठ घेणाऱ्यानें तो तर्क म्हणूनच सांगावा. दुसरे कित्येक म्हणतात कीं, कुप्राचा सुभेदार सिर्ग्य पौल याच्या कुळाचें वजन अंत्युखियाकडे असल्यामुळें प्रवासी तिकडे गेले. त्या कुळाचें नांव असलेला शिलालेख तेथें सांपडला आहे, हें खरें.

मार्क कां परतला हें लूक सांगत नाहीं. तेराव्या अध्यायांत तो ‘निघून गेला’ अशा अर्थाचा साधा शब्द योजितो. पंधराव्यांत पौलाची बाजू सांगतांना ‘सोडून दूर झाला’ असा कडक शब्द येतो. मार्क बर्णबाचा भाऊबंद होता, तेव्हां बर्णबाचें मन त्याच्याकडे ओढलें यांत नवल नाहीं. माझ्या मतें दोघांसही आपापल्या जागीं कारण होतें. त्या घाटांतून जो चालून गेला त्यास परतलेल्या सोबत्याचा राग यावा हें समजतें. आणि त्या तरुणानें तो डोंगर पाहून मागें पाहिलें हेंही समजतें. याच मार्काला पुढें पौल तीमथ्याकडून बोलावून घेतो, तो आपल्या उपयोगाचा आहे म्हणून (२ तीमथ्य ४:११).

पिर्गा मात्र प्रवासी विसरले नव्हते. परत येतांना त्यांनीं तेथें वचन सांगितलें, आणि मग ते अत्तलियास उतरले (१४:२५). हें बंदर पेर्गमच्या अत्तल राजानें ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत वसविलें. आज तें अंतालिया या नांवानें मोठें शहर आहे. तेथून तारूं करून ते सुरियांतील अंत्युखियाकडे गेले. पौलानें हा किनारा पुढें आणखी एकदां ओलांडल्याचें लूक नोंदवितो (२७:५). तेव्हां तो बंदिवान होता, वारा समोरचा होता, आणि तारूं पंफुल्यास न लागतां लुक्यांतील मुर्या बंदरास गेलें.