नकाशाची दोन अवजारे: एकत्र की स्वतंत्र?

क्यूजीआयएस ही नकाशे काढण्याची मुक्त संगणकप्रणाली गॅरी शर्मन यांनी २००२ साली आरंभिली. तीत निवडलेल्या आकृती जोडण्याचे एक अवजार आहे, तर केवळ त्यांची माहिती समान करण्याचे दुसरे. दोहोंत माहितीचा तक्ता सारखाच उघडतो. तेव्हा दोन्ही एक का करू नयेत, असा प्रश्न पडेल. परंतु पहिल्याने दोन शेतांमधील बांध पुसला जाऊन दोन नोंदींची एक होते. एक शेत चोपण व दुसरे निचऱ्याचे असल्यास मातीपरीक्षणाचा एक निकाल त्यात बुडतो व जिप्सम भलत्याच जमिनीत पडते. दुसऱ्याने बांध शाबूत राहतो. सबब ती वेगळीच असलेली बरी. दोन्ही शेतांस एकच पीक नोंदवावयाचे असता ग्रामसेवकांनी दुसरे अवजार घ्यावे. मातीचे रकाने मात्र वगळावेत.