वजाबाकीने अक्षरं जुळत नाहीत

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, आंध्र आणि कर्नाटकातल्या तांड्यांवरून माणसं येतात. संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे आणि जगदंबेच्या देवळात सगळ्यांच्या तोंडी एकच गोरबोली, म्हणजे आपली बंजारा बोली, असते. तीच बोली कागदावर उतरवायची म्हटलं की मात्र लिपी वेगळ्या होतात. आम्ही देवनागरी वापरतो, तेलंगणातला पाहुणा तेलुगू आणि विजयपूरकडचा कन्नड. या बोलीला सर्वमान्य अशी स्वतःची लिपी नाही, आणि आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमध्ये तिला अजून जागाही मिळालेली नाही. त्यामुळे तिचे शब्द गोळा करायचं काम बरंचसं आमच्यासारख्या हौशी माणसांवरच येऊन पडलं आहे. मी हे काम संगणकावर करतो, इमॅक्स या संपादकात, त्याच्याच लिस्प भाषेत. माझ्या मानोरा तालुक्यात हे करणारे फार नसतील, पण चारही राज्यांत अशा याद्या करणारी मुलं आता तयार होत आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गोष्ट तक्त्याची आहे. तेलुगू लिपीत लिहिलेले गोरबोलीचे शब्द देवनागरीत आणायचे, तर प्रत्येक अक्षराच्या कोडवरून त्याच्या जागी येणारं अक्षर सांगणारा तक्ता लागतो. युनिकोडमध्ये देवनागरीचा विभाग २३०४ पासून २४३१ पर्यंत आहे, तेलुगूचा ३०७२ पासून आणि कन्नडचा ३२०० पासून. प्रत्येकाला १२८ जागा. या लिप्यांची मांडणी भारताच्या जुन्या इस्की मानकावरून घेतल्यामुळे त्या समांतर बसल्या आहेत. तेलुगू 'क'चा कोड ३०९३. त्यातून ७६८ वजा केले की २३२५, म्हणजे आपला 'क'. कन्नड 'क'चा कोड ३२२१. त्यातून ८९६ वजा केले की पुन्हा २३२५. हे पाहिल्यावर कोणालाही वाटेल, तक्ता हवा कशाला, वजाबाकी पुरे.

एका परिचिताने मला दिलेला छोटा प्रोग्राम नेमका असाच होता. त्यातून तेलंगणाची मोठी यादी निघाली आणि पहिल्या नजरेला ती सुंदर दिसली. 'तांडा', 'याडी', 'लेंगी' सगळं जागच्या जागी. काही आठवड्यांनी एका मुलाने यादीत 'फेटिया' शोधला, तर तो सापडेना. शब्द होता, पण 'फॆटिया' असा. तेलुगूत ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन 'ए' आहेत. देवनागरी विभागातही ऱ्हस्व 'ऎ'ला २३१८ आणि त्याच्या मात्रेला २३७४ ही जागा राखलेली आहे, पण मराठी लेखनात ती वापरली जात नाही. लिहिणाऱ्याने तेलुगूत ऱ्हस्व मात्रा दिली होती आणि वजाबाकीने तिला प्रामाणिकपणे २३७४ वर नेऊन बसवलं. 'ओ'चंही तेच झालं. यादीतले कितीतरी शब्द डोळ्यांना दिसत होते, पण शोधात हाती लागत नव्हते. ज्याला शोधून मिळत नाही, तो शब्द यादीत नाही असंच समजतो.

पुढे याहून वाईट निघालं. तेलुगूत दंततालव्य 'च'साठी, म्हणजे आपल्या 'चमचा'तल्या 'च'साठी, वेगळं अक्षर आहे. रोजच्या लिखाणात ते क्वचित येतं, पण कोशांच्या धाटणीने लिहिणारे वापरतात. त्याचा कोड ३१६०. वजाबाकी केली की २३९२ येतो, आणि तिथे देवनागरीत नुक्त्याचा 'क़' आहे. कन्नडमध्ये एक जुनं, आता वापरात नसलेलं 'ळ'सारखं अक्षर ३२९४ वर आहे. त्याचा वजाबाकीने 'फ़' होतो. मांडणीची समांतरता मूळ अक्षरांपुरती खरी आहे. नंतर भरलेल्या जागा प्रत्येक लिपीने आपापल्या गरजेप्रमाणे वापरल्या. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की वजाबाकीवर तक्ता उभा करू नका. सुरुवातीला वजाबाकीने भरा, पण नंतर १२८ पैकी प्रत्येक जागेवर स्वतः नजर फिरवा आणि जिथे भाषा वेगळी वागते तिथे हाताने दुरुस्त करा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि त्यात लिपीही शिकून होते.

तक्ता कशात ठेवायचा, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. जुन्या पुस्तकांत २५६ घरांचा साधा व्हेक्टर घेऊन त्यात कोडने हात घालायचा, असं दाखवलेलं असतं. इंग्रजीपुरतं ते ठीक होतं. आपलं पहिलंच अक्षर २३०० च्या पुढे सुरू होतं. इमॅक्सच्या लिस्पमध्ये अशा व्हेक्टरमध्ये लांबीबाहेरचं घर मागितलं तर चूक दाखवून काम थांबतं, आणि ते बरं आहे. कॉमन लिस्पमध्ये मात्र वेगासाठी सुरक्षा शून्यावर आणली असेल, तर बाहेरच्या घरातून काय हाती येईल याची हमी कोणी देत नाही. सर्वात घातक प्रकार तिसरा. इमॅक्समध्ये मजकुराचा भाग तक्त्यानुसार बदलणारं 'ट्रान्सलेट-रीजन' आहे. त्याला तक्ता म्हणून साधी स्ट्रिंग दिली, तर तिच्या लांबीपलीकडची अक्षरं ते जशीच्या तशी सोडून देतं. चूक नाही, इशारा नाही. अर्धी यादी बदललेली आणि अर्धी मूळ लिपीत, अशी फाईल हाती येते.

त्यासाठी इमॅक्सने जी सोय केली आहे तीच वापरा. तिला चार-टेबल म्हणतात, कॅरेक्टर टेबलचं लघुरूप. बहुभाषिक 'म्यूल'चं काम १९९७ च्या विसाव्या आवृत्तीत मुख्य इमॅक्समध्ये आलं, आणि २००९ च्या तेविसाव्या आवृत्तीपासून आतली अक्षरमांडणी युनिकोडवर बसली. आज इमॅक्समध्ये अक्षराचा कोड ४१,९४,३०३ पर्यंत जाऊ शकतो. इतक्या घरांचा साधा व्हेक्टर केला, तर आठ बाइटांच्या हिशेबाने तो ३२ एमबी खाईल. चार-टेबल मात्र चार पातळ्यांत विभागलेलं असतं. वरच्या पातळीला ६४ घरं, त्याखाली १६, त्याखाली ३२ आणि सगळ्यात तळाला १२८. जिथे वेगळं काही भरलेलं नाही, तिथे खालची फांदी तयारच होत नाही. शिवाय तळाचं पान १२८ अक्षरांचं असल्यामुळे आपला देवनागरी विभाग नेमका एका पानात मावतो. २३०४ ला १२८ ने भाग दिला की १८ येतात आणि बाकी शून्य. तेलुगू आणि कन्नडचंही तसंच. तीन लिप्या, तीन पानं. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. बाहेर देश-विदेशात बसून कोणीतरी आपल्या अक्षरांचा इतका नेटका विचार केला आहे, असं वाटलं. अर्थात शंभर-दोनशे अक्षरांसाठी हॅश टेबलही चालतं आणि नवख्याला ते सोपं पडतं. पण पूर्ण पट्ट्याला एकदम किंमत देणं, एका तक्त्याला दुसऱ्याचा वारस करणं आणि न भरलेल्या अक्षरांसाठी ठरावीक उत्तर ठेवणं या तीन सोयी चार-टेबलमध्ये आयत्या मिळतात.

या सोयींमध्येच दोन खड्डे आहेत. चार-टेबलला पालक तक्ता देता येतो. एखाद्या अक्षराची किंमत 'निल' असेल, तर इमॅक्स ती 'भरलेलीच नाही' असं मानतं आणि पालकाकडे जाऊन विचारतं. मला कन्नड यादीतली अदृश्य जोडचिन्हं काढून टाकायची होती. त्यांच्यापुढे 'निल' लिहिलं, तर पालक तक्त्याने ती पुन्हा जशीच्या तशी परत दिली. अक्षर गाळायचं असेल, तर 'निल' नको. 'गाळा' असं सांगणारं स्वतःचं चिन्ह लिहा आणि प्रोग्रामला ते ओळखायला लावा. दुसरा खड्डा 'मॅप-चार-टेबल'चा. हे तक्त्यातल्या भरलेल्या प्रत्येक नोंदीवरून फिरतं, पण लागून असलेल्या अक्षरांची किंमत सारखी असली की एकेक कोड न देता 'पासून-पर्यंत' अशी जोडी हातात ठेवतं. ज्याने फक्त आकडा येईल असं धरलं त्याचा प्रोग्राम तिथेच अडतो. आलेली गोष्ट आकडा आहे की जोडी, हे आधी तपासा.

न भरलेल्या अक्षराचं उत्तर काय ठेवायचं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. ते कधीही 'अक्षर जसंच्या तसं' असं ठेवू नका. तक्ता तयार करतानाच त्यात सगळीकडे 'अज्ञात' अशी खूण भरा, मग माहीत असलेली अक्षरं त्यावर लिहा. यादी फिरवली की जिथे जिथे 'अज्ञात' येईल, ती अक्षरं कोडासकट वेगळ्या फाईलमध्ये टाका. कर्सर अक्षरावर ठेवून 'डिस्क्राइब-चार' चालवलं की कोड आणि नाव समोर येतं. शब्दसंग्रहात सर्वात मोठं नुकसान गुपचूप होणाऱ्या बदलाने होतं. तक्त्याने ओरडलं पाहिजे.

आता अशी गोष्ट, जी कोडवर चालणाऱ्या कोणत्याही तक्त्याला एकट्याने सुटत नाही. माणसाचं एक अक्षर म्हणजे संगणकाचा एक कोड, असं नसतं. आमच्या यादीच्या मराठी अर्थाच्या रकान्यात 'पुजाऱ्या' हा शब्द दोनदा आला, दिसायला तंतोतंत सारखा. एकात 'ऱ'चा स्वतंत्र कोड २३५३ आणि पुढे हलंत होता. दुसऱ्यात साधा 'र' २३५२, हलंत २३८१ आणि मागे अदृश्य जोडचिन्ह ८२०५. कीबोर्ड वेगळे, म्हणून लेखन वेगळं. युनिकोडचं प्रमाणीकरण 'र' आणि नुक्ता मिळून 'ऱ' करतं, पण जोडचिन्हाच्या रूपाला हात लावत नाही. 'ॲ'चंही तसंच आहे. त्याला २४१८ हा स्वतंत्र कोड २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीच्या मजकुरात 'अ' आणि त्यावर अर्धचंद्र असे दोन कोड सापडतात, आणि प्रमाणीकरणाने ते एक होत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ही ठरावीक कोडजोडणी साध्या शोध-बदलाने एकरूप करा, मग प्रमाणीकरण चालवा आणि सगळ्यात शेवटी तक्ता. उलट केलंत तर तक्ता 'र' आणि हलंत वेगवेगळे बदलून मोकळा होतो आणि जोडचिन्ह एकटं लोंबकळत राहतं.

अकारविल्हे लावण्यातही कोड फसवतो. कोडच्या क्रमात 'ळ' २३५५ वर आहे, 'व'च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. 'ॲ' तर अंकांच्याही मागे जाऊन बसतो. अनुस्वार २३०६ वर, म्हणजे सगळ्या स्वरांच्या आधी. लिस्पमधली साधी स्ट्रिंग-तुलना कोडच पाहते, म्हणून 'कांचळी'सारखे शब्द भलत्याच ठिकाणी जातात. इथे दुसरा चार-टेबल करा, ज्यात अक्षरापुढे अक्षर न लिहिता त्याचा क्रमांक लिहायचा. क्रमांक १०, २०, ३० असे अंतर ठेवून द्या, म्हणजे नंतर अक्षर घालायला जागा राहते. 'क्ष' आणि 'ज्ञ' हे मुळात तीन-तीन कोडांचे आहेत. ते शेवटी ठेवायचे की 'क' आणि 'ज'च्या पोटात, हे सगळ्यांनी बसून आधी ठरवा. ते प्रोग्रामवर सोपवू नका. तो निर्णय कोशाचा आहे.

आणखी एक, आणि ते मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. तेलुगूतले दोन 'ए' आपल्याकडे एका 'ए'वर येतात. देवनागरीतून मागे जायचं म्हटलं, तर यातला कोणता होता हे तक्ता सांगू शकत नाही. बोलीच्या अभ्यासकाला मात्र तोच फरक हवा असेल. गोरबोली बोलणारी आधीची पिढी आपल्यातून निघून चालली आहे. त्यांच्या तोंडून लिहून घेतलेल्या शब्दाची मूळ नोंद परत मिळवणं नंतर शक्य होणार नाही. ५ ऑक्टोबर २०२४ ला पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नंगाऱ्याच्या आकाराच्या त्या वास्तूकडे पाहताना माझ्या मनात या बोलीच्या याद्या येतात.

तुमच्या तांड्यात तेलुगू किंवा कन्नड लिपीत लिहिलेली अशी एखादी वही असेल, तर ती देवनागरीत आणताना मूळ लिपीचा रकाना पुसू नका. दोन्ही रकाने शेजारी ठेवा आणि तुमचा तक्ताही त्याच फाईलसोबत जपून ठेवा.