डॉ. सखाराम अर्जुन: वैद्यक आणि वनस्पती

काला अंब, पानिपत

चि. मृण्मयीस,

डॉ. सखाराम अर्जुन राऊत (१८३९–१८८५) हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर. पुढे त्याच कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवले. त्या काळी बहुतेक औषधे झाडपाल्यातूनच येत, म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वनस्पती ओळखता येणे भाग होते. वैद्यक आणि वनस्पतींची ही जोड मुंबईपुरती नव्हती: दूर कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर डॉ. आगुस्तिन स्टाल (१८४२–१९१७) हेही रोगी तपासत आणि बेटावरच्या वनस्पतींचा अभ्यास करत. दोघे जवळजवळ एकाच वयाचे.

सखाराम अर्जुन यांचे खरे मोठे काम म्हणजे १८७९ साली निघालेली मुंबईतील औषधांची सूची. तिच्यात बाजारात मिळणारी औषधे आहेत, तशाच ताज्या वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीही आहेत. या कामाचे मोल काष्ठौषधीवाल्याच्या दुकानात कळते. ब्राह्मी मागितली तर कुठे ओलसर जागी पसरणारी जलब्राह्मी मिळते, कुठे गोल पानांची मंडूकपर्णी. शंखपुष्पीच्या नावाने तर तीन-चार वेगळी झाडे विकली जातात. वाळलेल्या चुऱ्यावरून फरक कळत नाही. त्यासाठी फूल, फळ, पानांची मांडणी पाहावी लागते, म्हणजे उभे झाड पाहावे लागते. वैद्यक शिकणाऱ्याने ही सवय पहिल्याच वर्षी लावून घ्यावी; पुढे वेळ मिळत नाही. मी लिहितो आहे त्या काला अंब येथेही हेच दिसते: ज्या आंब्यावरून जागेला नाव पडले तो आता नाही, विटांचा स्तंभ आहे. आंब्याची दंतकथा येणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते, पण आवारातली आजची झाडे नावानिशी सांगणारे थोडे.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत भारतीय दोनच, आणि दोघेही डॉक्टर: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात होत. संस्थेचे नियतकालिक १८८६ साली सुरू झाले. ते पाहायला सखाराम अर्जुन नव्हते.

त्यांच्या धैर्याची कसोटी मात्र घरात लागली. त्यांनी जयंतीबाई या विधवेशी विवाह केला होता. जयंतीबाईंची पहिल्या विवाहातली मुलगी रखमाबाई, बालपणी लग्न झालेली, नवऱ्याकडे नांदायला गेली नाही आणि सखाराम अर्जुन तिच्या पाठीशी उभे राहिले. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. १८८५ च्या एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले, न्या. पिन्ही यांचा रखमाबाईंच्या बाजूचा निकाल सप्टेंबरात आला. तो पुढे फिरला. १८८७ साली नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोग, असा हुकूम झाला. त्यावर कैद पत्करीन, असे रखमाबाईंनी कळवले. १८८८ साली तडजोड झाली. त्यानंतर त्या लंडनला वैद्यक शिकल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रियांवर उपचार केले.

कळावे.
तुझा मामा