मैदानावरचे पाहुणे

माघ महिन्यातील एका सकाळचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. भाताची कापणी केव्हाच आटोपली आहे, खाचरांच्या ओलीवर वाल डोलत आहे आणि पेणहून सुटलेली गाडी कासू, नागोठणे, निडी ही स्थानके मागे टाकीत रोह्यास येऊन थांबते. फलाटावर चोवीस-पंचवीस तरुण-तरुणी उतरतात. कोणाच्या खांद्यावर पिशवी आहे, कोणाच्या हातात पाण्याची बाटली, तर कोणी आतापासूनच गुडघ्याला पट्टी गुंडाळलेली आहे. हे पेणचे कबड्डीचे दोन संघ होत. एक मुलांचा, दुसरा मुलींचा. आज त्यांचा सामना रोहेकरांशी आहे. त्यांना उतरून घेण्यासाठी फलाटावर उभे असलेले चारपाच विद्यार्थी हेच दोन तासांनी त्यांचे प्रतिस्पर्धी म्हणून समोर उभे राहावयाचे असतात.

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातील दोन जुनी गावे. एक भोगावतीच्या काठी, दुसरे कुंडलिकेच्या. पेण गणेशमूर्तींसाठी सर्वदूर ठाऊक आहे. रोहेकरांना अभिमान आहे तो चिंतामणराव देशमुखांचा. 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या या विद्वानाचे नाव रोह्याच्या महाविद्यालयास दिलेले आहे. दोन्ही गावांची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. मुंबईतील मोठ्या महाविद्यालयांशी तुलना करता ती लहान खरी. परंतु कबड्डीच्या बाबतीत या भागाला कोणी लहान म्हणत नाही. सुगी संपली की येथील गावोगावी मैदाने सजतात आणि लहान मुलेदेखील मोठ्यांच्या पकडींची चर्चा जाणत्यांप्रमाणे करतात.

यजमानांचा दिवस मात्र गाडी येण्याच्या कितीतरी आधी उजाडलेला असतो. नव्हे, त्यांचे काम चारआठ दिवसांपूर्वीच सुरू झालेले असते. कबड्डीचे मैदान म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे. प्रथम जमीन हलकेच उकरून ढेकळे फोडावी लागतात. खडे, काचा, मुळ्या वेचून माती चाळून घ्यावी लागते. तीत शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळला म्हणजे ती मऊ राहते. नंतर पाणी शिंपडून रूळ फिरवावयाचा. यात फार जपावे लागते. पाणी अधिक झाले तर पाय घसरतो; कमी पडले तर धूळ उडते आणि पडणाऱ्याचे कोपर सोलून निघते. पायाची टाच टेकली असता किंचित ठसा उमटावा, पण ती रुतू नये, अशी माती साधली म्हणजे जाणते समाधानाने मान हलवितात.

हे सारे कष्ट यजमान पाहुण्यांसाठी करतात, असे म्हटले तर ते अर्धेच खरे आहे. मैदानात राहिलेला खडा पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे पाहत नाही. शिवाय अर्धा वेळ संपला की दोन्ही संघ आपापली बाजू बदलतात. ज्या बाजूस माती कच्ची राहिली असेल, तिच्यावर घरच्या संघालाही उभे राहावेच लागते. नियम करणाऱ्यांनी यजमानांच्या मनाची किती बारकाईने पारख केली होती, ते येथे दिसते!

माती झाली की रेषा आखण्याचे काम येते. दोऱ्या ताणून, टेपाने मोजून, फक्की टाकीत मुले पुढे सरकतात. मुलांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. मुलींचे 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषेचे अंतर मुलांच्या मैदानात पावणेचार मीटर, तर मुलींच्या मैदानात तीन मीटर. दोन्ही मैदानांत बोनस रेषा निदान रेषेच्या पलीकडे एक मीटरवर असते. ज्या गावात एकच मैदान आहे, तेथे एकाच मातीवर दोन मापे उतरवावी लागतात. म्हणून आधी मुलींचे मैदान आखतात, तो सामना झाला की त्या रेषा पुसून मुलांच्या रेषा ओढतात. मुलींचा सामना आधी ठेवण्यास दुसरेही एक व्यावहारिक कारण आहे. त्यांना दिवसाउजेडी आपापल्या गावी पोहोचता यावे, ही काळजी घरोघरी असते.

आज ही मापे सर्वत्र एकसारखी असल्यामुळे पेणचा संघ रोह्यास, रोह्याचा सातारला आणि साताऱ्याचा बंगालमध्ये जाऊन निर्वेधपणे खेळू शकतो. पूर्वी असे नव्हते. महाराष्ट्रात या खेळाला हुतुतू म्हणत, तमिळ मुलखात चेडुगुडु आणि बंगालमध्ये हाडुडु. केवळ नावेच निराळी असती तर काही बिघडले नसते. परंतु रीतीही निराळ्या होत्या. संजीवनी नावाच्या प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी पुन्हा मैदानात येई. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात तर गडी बाद होऊनही आत राहूनच खेळत असे. आता संजीवनी खेळणारा एक गाव गामिनी खेळणाऱ्या दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून गेला, अशी कल्पना करावी. पाहुण्यांचा बाद गडी उठून आत येणार आणि यजमान त्याला बाहेर ढकलणार! दोघांचेही आपापल्या परीने बरोबरच. ज्याच्या अंगणात सामना, त्याचीच रीत खरी ठरली, तर पाहुण्यांनी यावे तरी कशासाठी?

हा घोळ मिटविण्याचा उद्योग प्रथम महाराष्ट्रातील क्रीडाप्रेमींनी हाती घेतला. 1921 च्या सुमारास संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून सामन्यांसाठी नियम बांधण्यात आले. 1923 साली त्यांत सुधारणा झाल्या आणि त्याच साली बडोद्यास हिंदविजय जिमखान्याने याच नियमांनुसार मोठी स्पर्धा भरविली. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. 1950 साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आपले सारे आयुष्य या खेळाच्या प्रसारासाठी वेचले. 15 जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1952 साली झाली आणि महिलांची 1955 साली. म्हणजे देशाच्या मैदानावर मुलींना अवघी तीन वर्षे थांबावे लागले. आशियाई क्रीडास्पर्धांत मात्र त्यांना फार तिष्ठावे लागले. पुरुषांच्या कबड्डीला तेथे 1990 साली बीजिंगमध्ये स्थान मिळाले. महिलांच्या कबड्डीला ते मिळण्यासाठी 2010 साल उजाडावे लागले. दोन्ही वेळी सुवर्णपदक भारताने मिळविले. पुढे 2018 साली जकार्ता येथे एक नवल घडले. महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27 विरुद्ध 24 गुणांनी हरविले, आणि त्या इराणी मुलींना शिकविणाऱ्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन! महाराष्ट्राच्या मातीतील विद्या परक्या देशाच्या मुलींना देऊन त्यांनी आपल्याच देशापुढे तोडीचा प्रतिस्पर्धी उभा केला. पुष्कळांना ही गोष्ट त्या वेळी रुचली नाही. परंतु ज्या खेळात एकच संघ नेहमी जिंकतो, तो खेळ पाहण्यास दुसऱ्या देशांनी फार काळ येऊ नये, हेच स्वाभाविक. 2023 साली हांगझोऊ येथे भारतीय महिलांनी सुवर्णपदक परत मिळविले, ते अंतिम सामन्यात चायनीज तैपेईवर 26 विरुद्ध 25 अशा अवघ्या एका गुणाने.

आता पुन्हा रोह्याच्या त्या मैदानाकडे वळू. नाणेफेक झाली आहे. दोन पंच दोन बाजूंना उभे आहेत, सरपंच सर्वांवर नजर ठेवून आहेत आणि गुणलेखक मेजाशी बसला आहे. प्रत्येक बाजूस सात मुली. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. भोवती सारा गाव लोटला आहे, आणि गाव अर्थातच रोहेकर मुलींचा आहे. त्यांना गुण मिळाला की टाळ्यांचा कडकडाट होतो. पेणच्या मुलींना मिळाला की त्यांच्या बारातेरा सोबत्यांचाच काय तो आवाज उठतो.

चढाई करणारी मुलगी ‘कबड्डी, कबड्डी’ असा अखंड उच्चार करीत मध्यरेषा ओलांडते. तो उच्चार थांबता कामा नये, मध्ये श्वास घेता कामा नये, आणि तीस सेकंदांच्या आत परतलेच पाहिजे. तिने कोणाला स्पर्श केला आणि ती सुखरूप परतली, तर स्पर्श झालेल्या सर्व बाद. पकडली जाऊन तिचा दम तुटला, तर ती स्वतः बाद. म्हणून ती कधी हूल देते, कधी पाय झटकते, कधी वळता वळता हात लांबविते. बचाव करणाऱ्या मुली परस्परांचे हात धरून साखळी करतात. कोपऱ्यावरची मुलगी घोट्यावर झडप घालण्याची संधी पाहत असते. संपूर्ण संघ बाद झाला की लोण चढतो आणि प्रतिपक्षाला दोन गुण अधिक मिळतात. पहिल्या डावात रोहेकर मुलींनी एक लोण चढविला. दुसऱ्या डावात पेणकर मुलींनी तो फेडला.

शेवटची चढाई आली तेव्हा गुण समसमान होते. पेणची एक सडपातळ मुलगी आत शिरली. डाव्या कोपऱ्याकडे तिने हूल दिली, एकाएकी वळून उजव्या कोपऱ्याकडे हात फेकला आणि माघारी धावत मध्यरेषा गाठली. जवळच्या पंचांची नजर साखळीवर होती, पलीकडच्या पंचांना मध्ये उभ्या असलेल्या मुलींमुळे काही दिसले नव्हते. चढाई करणारीलाही आपली बोटे कोणाला लागली की नुसती हवेतून गेली, याची खात्री नव्हती. तिने हात वर केला नाही. गाव आनंदाने ओरडू लागला. सामना बरोबरीत सुटला, असे सर्वांना वाटले.

इतक्यात रोह्याच्या उजव्या कोपऱ्यावरच्या मुलीने आपला हात वर केला. क्षणभर तिच्या सोबतिणींना अर्थच कळेना. ती कोणाकडे न पाहता चालत बाजूच्या रेषेबाहेर गेली. पंचांनी सरपंचांकडे पाहिले, सरपंचांनी मान हलविली, आणि गुणलेखकाने पेणच्या नावापुढे एक गुण मांडला. गावाचा आवाज एकदम खाली आला. मागे कोणीतरी पुटपुटले, “हिला काय गरज होती?” त्यावर पहिल्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ मागे वळले आणि त्यांनी बोलणाऱ्याकडे असे काही पाहिले, की पुढे कोणी काही बोलले नाही.

मुलींच्या रेषा पुसल्या गेल्या, मुलांच्या ओढल्या गेल्या. मुलांचा सामना चुरशीचा होईल, अशी अपेक्षा होती; पण रोहेकरांनी आपल्या पकडींच्या बळावर तो सहज जिंकला. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे फार नाही.

परतीच्या गाडीला अवकाश होता. मैदानाच्या कडेला पोपटी लावलेली होती. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, वरून पुन्हा पाला. मग मडके उपडे घालून भोवती जाळ. ही पोपटी पेणकरांना नवी नव्हती. आमच्याकडे शेंगा अधिक भरलेल्या असतात, असे पेणची मुले म्हणू लागली. रोह्याची मुले ते मान्य करीनात. पंचांना विचारावे, अशी सूचना कोणीतरी केली. पंचांचे तोंड शेंगांनी भरलेले असल्यामुळे निर्णय राहून गेला.

ती सडपातळ मुलगी आणि कोपऱ्यावरची मुलगी एकाच पत्रावळीवर शेंगा सोलीत बसल्या होत्या.

“अगं, माझा हात तुला लागला तरी कुठे?” पेणच्या मुलीने विचारले.

दुसरीने पाय पुढे करून घोट्याच्या वर बोट ठेवले. “इथे. नख लागलं तुझं.”

“मला तर कळलंसुद्धा नाही.”

“मला कळलं ना,” असे म्हणून तिने पुढची शेंग उचलली.

दिवेलागणीला पाहुणे स्टेशनाकडे निघाले. मैदानावरची फक्की तोवर शेकडो पायांखाली मातीत मिसळून गेली होती. पुढच्या महिन्यात रोहेकर पेणला जावयाचे होते, आणि पेणच्या मुलींनी गाडीत बसल्या बसल्याच माती चाळण्याच्या पाळ्या ठरविण्यास सुरुवात केली होती.