संगणकाच्या पडद्यावरील दृश्य परिणाम : एक घरगुती अभ्यास
(द्वितीय वर्ष, कला)

माऊसने ओढलेली खिडकी ओल्या धोतरासारखी हेलकावते, किंवा सारा पडदाच ठोकळ्याप्रमाणे गरकन फिरतो, यात उपयोग तो काय? असा प्रश्न माझ्या एका मित्राने विचारला, तेव्हा मजपाशी उत्तर नव्हते. मी ते सारे केवळ हौसेने केले होते. पण हौस पुरी करताना संगणकाचा पडदा कसा चालतो हे मला थोडेफार समजले, आणि एक लाभ असा झाला की ज्याची मी कल्पनाही केली नव्हती. म्हणून हा लेख.

आमच्या घरचा संगणक जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. त्यावर लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली, 'माटे' या डेस्कटॉपसह, बसवली आहे. लिनक्सचा आरंभ फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली केला हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु पडद्यावर खिडक्या दाखवण्याचे काम करणारी 'एक्स' ही व्यवस्था त्याहूनही जुनी, 1984 सालची, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मलेली आहे.

या जुन्या व्यवस्थेत सर्व प्रोग्रॅम जणू एकाच पाटीवर लिहीत. एका खिडकीवर दुसरी आली की खालचे तेवढे पुसले जाई, वरची बाजूला सरली की खालच्या प्रोग्रॅमला निरोप जाई, "तुझा एवढा भाग पुन्हा काढ." जुन्या यंत्रांवर खिडकी ओढताना मागे पांढरे पट्टे राहत, ते यामुळेच. 2004 साली 'कॉम्पोझिट' नावाची जोड आली आणि चित्र पालटले. आता प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा वेगळा कागद मिळतो. तो कागद कोठे ठेवायचा, कोणाच्या वर, किती पारदर्शक, हे ठरवणारा एक वेगळाच कारभारी असतो. कागद हाती आल्यावर तो वाकवता येतो, तिरपा धरता येतो, मोठा करता येतो. आणि ज्याचा कागद त्या प्रोग्रॅमला याचा पत्ताही नसतो. साऱ्या दृश्य परिणामांचे मर्म एवढेच आहे.

हे वाकवण्याचे काम खेळांसाठी बनलेल्या ग्राफिक्स चिपकडून करून घ्यावे, ही कल्पना लोकप्रिय झाली ती 2006 साली नोव्हेल कंपनीतील डेव्हिड रेव्हमन यांनी 'कॉम्पिझ' प्रसिद्ध केले तेव्हा. त्याच वर्षी मतभेद होऊन 'बेरिल' ही वेगळी चूल मांडली गेली आणि 2007 साली दोन्ही घरे पुन्हा एक झाली. (आपल्याकडील गणेश मंडळांची आठवण यावी असाच हा इतिहास!)

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम ग्राफिक्सचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, नीट बसला आहे की नाही हे पाहावे. प्रणालीच्या माहितीत ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएम-पाइप' असे नाव दिसले, तर चिपचे काम मुख्य प्रोसेसरच करीत आहे असे समजावे. मग ठोकळा फिरण्याऐवजी अडखळतो. नंतर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून कॉम्पिझ व त्याचा सेटिंग मॅनेजर घ्यावा आणि डेस्कटॉप सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर म्हणून 'मार्को'ऐवजी कॉम्पिझ निवडावा.

येथे माझी फजिती झाली ती सांगितली पाहिजे. उत्साहाच्या भरात मी सेटिंग मॅनेजरमधील खुणा हव्या तशा काढल्या आणि घातल्या. त्यात 'विंडो डेकोरेशन'ची खूण गेली. क्षणार्धात सगळ्या खिडक्यांची शीर्षकपट्टी नाहीशी! खिडकी बंद करायची फुली नाही, ओढायला जागा नाही. घरात एकच संगणक आणि उद्या ट्युटोरियल द्यायचे. सुदैवाने खालचा मेनू चालू होता. त्यातून टर्मिनल उघडून 'मार्को', मग जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि 'रिप्लेस', असे रोमन लिपीत टंकले आणि जुना कारभारी परत आला. ते टर्मिनल मात्र बंद करू नये, त्याच्याबरोबर कारभारीही जातो. मग सावकाश गेलेली खूण पुन्हा घातली.

ठोकळ्याचीही एक गंमत आहे. तो लावूनही मला कागदासारख्या दोनच बाजू दिसत. दोन दिवसांनी उलगडले की सर्वसाधारण पर्यायांत आडव्या डेस्कटॉपांची संख्या चार केल्याखेरीज ठोकळ्याला चार भिंती येणार कोठून?

डोलणाऱ्या खिडकीमागे मात्र खरे शास्त्र आहे. खिडकीवर सोळा बिंदूंची जाळी कल्पिलेली असते, शेजारचे बिंदू स्प्रिंगने बांधलेले. आपण एक बिंदू ओढतो. बाकीचे स्प्रिंग ताणेल तसे मागून येतात, पुढे जातात, परततात आणि घर्षणाने शांत होतात. घर्षणाचा आकडा कमी केला तर खिडकी बराच वेळ थरथरत राहते. विज्ञान शाखेच्या मित्रांनी हा प्रयोग जरूर करावा.

कॉम्पिझ फक्त जुन्या 'एक्स'वरच चालते हे येथे नमूद करतो. नव्या प्रणाली 2008 साली सुरू झालेल्या 'वेलँड'कडे वळल्या आहेत, तेथे कारभारी वेगळे. केडीईच्या प्लाझ्मा 6 मध्ये 2024 साली ठोकळा परत आला आहे.

आता तो लाभ. बाबांना मोतीबिंदू आहे. चौथीपर्यंत शिकलेले असल्याने अक्षरओळख पक्की, पण बारीक छपाई दिसत नाही. सातबारा नेहमी कोणीतरी वाचून दाखवायचे, आणि वाचणारा नाव व क्षेत्र वाचून थांबायचा. एका संध्याकाळी उतरवून घेतलेला सातबारा पडद्यावर असताना मी कॉम्पिझचे झूम लावून पाहिले. सुपर कळ दाबून माऊसचे चाक फिरवले की सारा पडदाच मोठा होतो आणि माऊस जाईल तिकडे सरकतो. प्रत्येक प्रोग्रॅमचे स्वतःचे मोठे करणे असते हे खरे. पण त्यात मेनू, सूचना बारीकच राहतात आणि दर वेळी नवी युक्ती शिकावी लागते. येथे युक्ती एकच. फार मोठे केले तर अक्षरे फुटतात, तिप्पटीपर्यंत ठीक. सुपर आणि 'एम' दाबून रंग उलटे केले, काळ्यावर पांढरी अक्षरे आली, तेव्हा बाबा खुर्ची पुढे ओढून बसले.

ते एकेक रकाना बोट धरून वाचू लागले. 'इतर हक्क' येथे थांबले. दोन वर्षांपूर्वी फेडलेल्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा अजून तसाच होता. आम्हांपैकी कोणीच तो रकाना त्यांना वाचून दाखवला नव्हता, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी बेबाकीचा दाखला पिशवीत घालून ते तलाठ्याकडे गेले. खिडक्यांचे डोलणे मी त्याच रात्री बंद केले, कारण खिडकी सरकवताना डोलणारी अक्षरे त्यांना त्रास देत होती. झूम तेवढे ठेवले आहे.