घरच्या संगणकातील हिशेबाची राखण

व्यापाऱ्याची अब्रू वहीत असते. पूर्वी रोजमेळ व खतावणी तिजोरीत ठेवली की चिंता मिटे. आता तोच हिशेब संगणकात असतो. वस्तू व सेवा कराच्या कायद्यान्वये तो वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे. म्हणून आम्ही सुचवितो की प्रती ३, साधने २ प्रकारची व एक प्रत राजपुऱ्याबाहेर असावी. मूळ प्रत संगणकात. दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर. नक्कल होताच ती काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्कही संगणकातील विषाणूच्या तावडीत सापडते. तिसरी क्लाउडवर, तिचा पासवर्ड घरातील आणखी एकास ठाऊक असावा. पेन ड्राइव्ह नेआणीपुरता बरा. वर्षानुवर्षे पडून राहिल्यास त्यातील मजकूर नाहीसा होऊ शकतो. दरमहा एखादी नक्कल उघडून पाहावी. न पारखता आपण पोते तरी कोठे घेतो?